किटमधून मोटरग्लायडर बांधायचं ठरवताय? पंखापासून पहिल्या उड्डाणापर्यंत

अमेरिकेत राहणारे बरेच मराठी लोक हौसेने लहान विमान चालवायला शिकतात. त्यातल्या काहींच्या मनात पुढे आपलं विमान आपणच बांधावं, असं घोळू लागतं. त्यातही मोटरग्लायडर हा प्रकार फार मोहात पाडतो. स्वतःच्या इंजिनावर उडायचं, वर गेल्यावर इंजिन बंद करायचं आणि गरम हवेच्या झोतांवर घारीसारखं तरंगायचं. मी या वाटेने गेलो आहे. वाटेत जे प्रश्न सगळ्यांनाच अडवतात, त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहितो आहे.

उदाहरणासाठी सगळीकडे सोनेक्स कंपनीचं झेनोस हे किट, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांचा संच, घेतलं आहे. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशचे जॉन मॉनेट हे त्याचे रचनाकार. १९७०च्या दशकापासून त्यांनी सोनेराय, मोनी, सोनेक्स अशी घरी बांधायची विमानं दिली, आणि २००३च्या सुमारास झेनोस आलं. दोन माणसांचं, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं आणि इंग्रजी व्हीच्या आकाराच्या शेपटीचं हे विमान आहे. तुम्ही दुसरं किट घेतलंत तरी पायऱ्या जवळपास याच राहतील.

## १. किंमत बघण्याआधी पंख समजून घ्या

झेनोसचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ४५ फूट ८ इंच, म्हणजे साधारण १३.९ मीटर. त्याच कंपनीच्या साध्या सोनेक्सचा २२ फूट. दोन्ही विमानांचं कूळ एक, पण पंख दुपटीहून लांब. पुढचे जवळपास सगळे निर्णय या एका फरकातून येतात.

पंख लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारा जोर, निर्माण करतो तेव्हा त्याच्या टोकांना हवेचे भोवरे उठतात आणि ते विमानाला मागे ओढतात. या ओढीला इंड्यूस्ड ड्रॅग म्हणतात. वेग जितका कमी, तितका हा ड्रॅग जास्त. तरंगायचं तर हळूच उडावं लागतं, त्यामुळे ग्लायडरला हाच ड्रॅग सगळ्यात जास्त छळतो. वजन आणि वेग तेच ठेवून पंखाची लांबी दुप्पट केली, तर इंड्यूस्ड ड्रॅग चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून ग्लायडरचे पंख लांब आणि अरुंद असतात.

झेनोसचा ग्लाइड रेशो २४ला १ असा सांगितला जातो. म्हणजे शांत हवेत १,००० मीटर उंचीवरून ते सुमारे २४ किलोमीटर जाऊ शकतं. फ्लाइंग स्कूलमधलं सेस्ना १७२ तेवढ्याच उंचीवरून साधारण ९ किलोमीटर जातं. स्पर्धेतली खरी ग्लायडर ४०च्याही पुढे जातात, त्यामुळे झेनोसकडून तशी अपेक्षा धरू नका. मोटरग्लायडर ही तडजोड आहे आणि मला ती पटते, कारण एखाद्या मंगळवारी संध्याकाळी ग्लायडरला ओढून वर नेणाऱ्या विमानाची वाट न बघता एकट्याला वर जाता येतं.

रचना कागदावर तपासायची एक सोपी रीत सांगतो. अमेरिकेत एखादं विमान मोटरग्लायडर मानायचं का, यासाठी एक निकष वापरतात. जास्तीत जास्त वजनाला (किलोमध्ये) पंखाच्या लांबीच्या वर्गाने (मीटरमध्ये) भागायचं. उत्तर ३ किंवा त्याहून कमी आणि एकूण वजन ८५० किलोच्या आत हवं. झेनोसचं जास्तीत जास्त वजन १,२७५ पौंड, म्हणजे ५७८ किलो. १३.९२चा वर्ग सुमारे १९३.७. भागाकार आला २.९८. रचनाकाराने आकडा मर्यादेच्या अगदी कडेला आणून ठेवला आहे. आता यात हौसेने वजन वाढवायला गेलात तर विमान ग्लायडरच्या व्याख्येबाहेर जाईल. कुठलंही किट आवडलं की आधी हा भागाकार करा.

लांब पंखाची किंमतही मोजावी लागते. मुळाशी वाकवणारा जोर वाढतो, म्हणून मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा आतला कणा, जड होतो. विमान कुशीवर सावकाश वळतं. एलेरॉन (पंखाच्या टोकाकडचं हलतं पातं) दिला की नाक आधी उलट्या दिशेला सरकतं, त्यामुळे पाय सतत पेडलवर जागे ठेवावे लागतात. नुसत्या हाताने उडायची सवय असलेल्यांना हे जड जातं.

## २. अल्ट्रालाइट की एक्सपेरिमेंटल, हे आधी ठरवा

अल्ट्रालाइट हा शब्द देशोदेशी वेगळ्या अर्थाने वापरला जातो आणि नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. अमेरिकेत हवाई नियमांच्या पार्ट १०३ खालचं अल्ट्रालाइट म्हणजे एकाच माणसाचं, रिकामं वजन २५४ पौंडांच्या आत, इंधन ५ गॅलनपर्यंत आणि सपाट उड्डाणात कमाल वेग ५५ नॉट. त्याला नोंदणी लागत नाही आणि वैमानिकाचा परवानाही लागत नाही. मात्र दाट वस्तीवरून उडता येत नाही आणि सोबत कोणाला घेता येत नाही.

युरोपात मात्र दोन माणसांची, चांगली धडधाकट विमानं या नावाखाली येतात. स्लोव्हेनियातल्या आयडोव्श्चिना गावच्या पिपिस्ट्रेल कंपनीचं सायनस हे १५ मीटर पंखाचं मोटरग्लायडर तिथे अल्ट्रालाइट वर्गात उडतं. त्याचंच आखूड पंखाचं भावंड म्हणजे व्हायरस. भारताने २०१५ मध्ये अशी १९४ व्हायरस विमानं मागवली होती, त्यातली बरीच एनसीसीच्या छात्रांसाठी. तुमच्या ओळखीतलं कोणी एअर विंगमध्ये असेल तर त्याने या घराण्याचं विमान पाहिलेलं असू शकेल.

अमेरिकेत दोन माणसांचं मोटरग्लायडर बांधायचं तर नेहमीचा रस्ता म्हणजे एक्सपेरिमेंटल अ‍ॅमॅच्युअर-बिल्ट. त्याची मुख्य अट अशी की बांधकामाचा मोठा भाग हौशी लोकांनी स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी केलेला असावा. बोलताना सगळे याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. एफएए या अमेरिकेच्या हवाई नियामक संस्थेने तपासलेल्या किटांची यादी उपलब्ध असते. किट त्या यादीत असेल तर अर्धी काळजी मिटते.

इथे फसू नका: पैसे देऊन दुसऱ्याकडून बांधून घेतलेलं काम तुमच्या वाट्यात धरलं जात नाही. मित्र, शेजारी, मुलं यांनी फुकट केलेली मदत चालते. अर्धवट बांधलेलं किट स्वस्तात मिळत असेल, तर आधीच्या माणसाची कामाची वही आणि फोटो हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

भारतात हेच करायचं असेल तर डीजीसीए या तिथल्या हवाई नियामक संस्थेची वाट वेगळी आणि लांबची आहे. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांना नोंदणीसाठी किती वर्षं झगडावं लागलं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. त्यांच्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली.

## ३. विमान तुमच्या नावावर होऊ शकतं का?

हा प्रश्न इथल्या गाइड पुस्तकांत शेवटी येतो, पण आपल्या लोकांनी तो सगळ्यात आधी विचारावा. अमेरिकेत विमानाची नोंदणी नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या नावावर होते. एच-१बी किंवा एल-१ व्हिसावर असाल तर ती थेट तुमच्या नावावर होणार नाही. ट्रस्टच्या मार्गाने लोक करतात, पण त्यात वकील आला आणि दरवर्षीचा खर्चही आला. माझा सल्ला असा की तोवर एखाद्या नागरिक मित्राच्या प्रकल्पावर हात चालवायला शिका आणि किट नंतर घ्या.

आणखी एक. तुम्ही अजून वैमानिक नसाल आणि विमानाचा परवाना इथेच काढणार असाल, तर अमेरिकी नागरिक नसलेल्यांना प्रशिक्षणाआधी टीएसए या वाहतूक सुरक्षा संस्थेची तपासणी पार करावी लागते. ग्रीन कार्ड असलं तरी ती चुकत नाही.

## ४. जागा: गॅरेज पुरतं, हँगर पुरेलच असं नाही

पंखाचा एकेक भाग साडेसहा मीटरच्या आसपास असतो. दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये तो तिरका ठेवून बांधता येतो. एक लांब आणि खरोखर सपाट टेबल बनवा. टेबलाला पीळ असेल तर तो पंखात उतरेल आणि विमान आयुष्यभर एका बाजूला ओढत राहील.

खरी अडचण हँगरची आहे. इथल्या विमानतळांवरच्या नेहमीच्या टी-हँगरचं दार बहुतेक ठिकाणी ४०-४२ फुटांचं असतं. ४५ फूट ८ इंचांचा पंख त्यातून जाणार नाही. किट मागवण्याआधी टेप घेऊन विमानतळावर जा आणि दार मोजा. मोठं हँगर मिळत नसेल तर पंख काढून ट्रेलरवर ठेवायची तयारी ठेवा. पंख काढता येतात, पण त्याला दुसरा माणूस लागतो आणि दर वेळी जोडणी तपासावी लागते. पार्किंगच्या जागेतून टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, दोन्ही टोकांकडे बघायची सवय लागेपर्यंत सोबत कोणाला तरी पायी चालू द्या.

## ५. हत्यारं आणि पत्र्याचं काम

किट भागाभागाने घ्या. शेपटीपासून सुरुवात करा, कारण तिथला पत्रा बिघडला तरी नुकसान थोडं, आणि हे काम आपल्याला आवडतं का हे तिथेच कळतं.

लागणारी हत्यारं:

- हवेवर चालणारं ड्रिल आणि ३० व ४० नंबरची ड्रिल बिटं, भरपूर. बोथट बिटाने काम रेटू नका.
- क्लेको, म्हणजे रिव्हेटआधी पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना, आणि त्यांचा चिमटा. ४० नंबरच्या भोकाला चंदेरी, ३०च्या भोकाला तांबूस.
- हवेवर चालणारा रिव्हेट पुलर. हाताच्या पुलरने सगळं विमान करायला जाऊ नका, मनगट दुखावेल.
- बर (भोकाच्या कडेची धारदार किनार) काढायचं हत्यार, चपट्या आणि गोल कानशी, पत्रा कापायच्या कात्र्या
- टॉर्क रेंच
- कॉम्प्रेसर, डोळ्यांसाठी गॉगल, कानांसाठी मफ

झेनोससारख्या विमानात आंधळे रिव्हेट असतात, म्हणजे एकाच बाजूने ओढून बसवायचे. मागून कोणी ठोकळा धरायची गरज नसते, त्यामुळे एकट्याला काम करता येतं. क्रम असा: पत्रे क्लेकोने जोडायचे, भोकं अखेरच्या मापाला मोठी करायची, सगळं पुन्हा सुटं करायचं, बर काढायचा, आतून प्रायमर मारायचा, परत जोडायचं आणि मगच रिव्हेट ओढायचा. सुटं करून परत जोडायचा कंटाळा येतो. तो करू नका.

ड्रिल बाहेर आलं की भोकाच्या कडेला पत्र्याची बारीक, धारदार किनार उभी राहते. तोच बर. डोळ्यांना ती कित्येकदा दिसत नाही. करंगळीचं नख भोकावरून सावकाश फिरवा. नख जरासं जरी अडकलं, तरी बर शिल्लक आहे. बर काढायचं हत्यार भोकात ठेवून दोन बोटांनी हलका वेढा द्या, बास. जोर लावलात तर भोकाला कोन पडतो आणि पातळ पत्रा आणखी पातळ होतो. बर राहिला तर दोन पत्रे एकमेकांना चिकटून बसत नाहीत, रिव्हेट मधल्या फटीत फुगतो, आणि पुढे थरथरीने तिथूनच तडा जायला लागतो.

दुसरी गोष्ट कडेच्या अंतराची. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट अंतर हवं. कमी पडलं असेल तर तो भाग बाजूला ठेवा आणि कंपनीला फोटो पाठवून विचारा.

रोज काम संपलं की वहीत तारीख आणि काय केलं ते लिहा, आणि स्वतः काम करतानाचे फोटो ठेवा. तपासनीस पुढे तेच मागतो. ईएए ही संस्था १९५३ पासून अशा बांधणाऱ्यांच्या पाठीशी आहे. तिचे टेक्निकल कौन्सेलर पैसे न घेता घरी येऊन काम बघतात. पत्रा बंद करण्याआधी त्यांना बोलवा, नंतर आतलं दिसत नाही.

## ६. शेपूट: दोन पाती, दोन कामं

व्ही शेपटीत नाक वर-खाली करणं आणि डावी-उजवीकडे वळवणं ही दोन्ही कामं तीच दोन पाती करतात. शेतात उतरावं लागलं तर अशी शेपूट गवताच्या वर राहते. पण स्टिक (हाताने हलवायचा दांडा) आणि पेडल यांची हालचाल एका मिक्सरमधून एकत्र होते, आणि तिथे जोडणी उलट होण्याचा धोका असतो.

जोडणी झाल्यावर मागे उभं राहून बघा. स्टिक मागे ओढली की दोन्ही पाती वर. उजवं पेडल दाबलं की उजवं पातं खाली, डावं वर. हे दुसऱ्या माणसाकडूनही तपासून घ्या, आणि पंख-शेपूट सुटी करून परत जोडली तर दर वेळी तपासा. तुमचं आणि त्याचं उत्तर एकच येईपर्यंत विमान जागचं हलवू नका.

## ७. इंजिन

झेनोसवर फोक्सवॅगनच्या रचनेवरचं ८० हॉर्सपॉवरचं एअरोव्ही किंवा ऑस्ट्रेलियन जबिरू इंजिन बसवतात. तरंगण्यासाठी इंजिन बंद करायचं असल्याने दोन गोष्टी पाहा. एक, साधा प्रोपेलर थांबलेला असतानाही हवा अडवतो, त्यामुळे कागदावरचा ग्लाइड रेशो पूर्ण मिळत नाही. दोन, परत सुरू करणं बॅटरी आणि स्टार्टरवर अवलंबून आहे. म्हणून इंजिन परत सुरू होणारच नाही असं धरूनच विमानतळाच्या पल्ल्यात राहा. बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं कमी पॉवरवर उडवून इंजिन हळूहळू थंड होऊ द्या.

## ८. वजन आणि गुरुत्वमध्य

इथे घाई नको. विमान पूर्ण तयार, इंधन रिकामं, उड्डाणाच्या स्थितीत समतल, हँगरची दारं बंद. तीन चाकांखाली तीन काटे. थोडासा वाराही पंखावर लिफ्ट देतो आणि काटे कमी वजन दाखवतात.

समजा मुख्य चाकांवर १६५-१६५ किलो आणि शेपटीच्या चाकावर २० किलो आले. नाकाच्या टोकापासून मुख्य चाकं १.२ मीटरवर, शेपटीचं चाक ५.२ मीटरवर. ३३० गुणिले १.२ म्हणजे ३९६. २० गुणिले ५.२ म्हणजे १०४. बेरीज ५००, भागिले एकूण वजन ३५०. गुरुत्वमध्य १.४३ मीटरवर आला.

आता सीटच्या मागे, ३.५ मीटरवर, ४ किलोची जादा बॅटरी ठेवली तर तो सव्वादोन सेंटीमीटरहून जास्त मागे सरकतो. एवढ्याशा विमानात मिळणारी सगळी मोकळीक दहा-पंधरा सेंटीमीटरची, आणि तिच्यात माणसं, सामान, इंधन सगळं बसवायचं असतं. गुरुत्वमध्य फार मागे गेला तर विमान नाकावर अस्थिर होतं आणि स्पिनमधून, म्हणजे गिरक्या घेत खाली पडण्यातून, बाहेर येणं अशक्य होऊ शकतं. उत्तर मर्यादेबाहेर असेल तर सामान हलवा, गणित परत करा.

रंगही विचार करून मारा. रंगाचे जाड थर कित्येक किलो वजन वाढवतात, आणि एलेरॉनच्या किंवा शेपटीच्या पात्यांच्या मागच्या कडेला साठलेला रंग त्यांचा तोल बिघडवतो. वेगात ती पाती फडफडू लागली तर काही सेकंदांत तुटू शकतात.

## ९. कागदपत्रं

नोंदणीला वेळ लागतो, म्हणून तपासणीच्या बरेच महिने आधी अर्ज करा.

- किट खरेदीची बिलं आणि कंपनीचं विक्रीपत्र
- नोंदणी अर्ज ८०५०-१, आणि घरी बांधलेल्या विमानाच्या मालकीचं प्रतिज्ञापत्र ८०५०-८८
- पात्रतेचं निवेदन ८१३०-१२, नोटरीसह
- एअरवर्दीनेसचा (उड्डाणयोग्यतेचा) अर्ज ८१३०-६
- विमानाची तीन बाजूंची चित्रं किंवा फोटो
- कुठे आणि कशी चाचणी घेणार, हे सांगणारं पत्र
- वजन आणि गुरुत्वमध्याचा तक्ता
- कामाची वही, फोटो, विमान आणि इंजिनाच्या लॉगबुका

विमानावर आगीत न जळणारी डेटा प्लेट, एन-नंबर (नोंदणी क्रमांक) आणि दारापाशी निदान दोन इंची अक्षरांत एक्सपेरिमेंटल असं लिहिलेलं हवं. तपासणी एफएएचा अधिकारी करतो किंवा त्यांनी नेमलेला डीएआर. डीएआर फी घेतो, पण तारीख सहसा लवकर मिळते.

अर्जात वर्ग ग्लायडर असाच लिहा. मागाहून बदलायला गेलात तर बराच त्रास होतो.

## १०. ग्लायडर उडवायला शिका, विमान बांधत असतानाच

जुन्या पुणेकरांनी हडपसरला विंचच्या तारेवर वर चढणारी ग्लायडर पाहिली असतील. ती नजर इथे कामी येते, पण परवाना इथलाच हवा. तुमच्याकडे आधीच विमानाचा प्रायव्हेट परवाना असेल तर ग्लायडरसाठी परत लेखी परीक्षा नाही. साधारणपणे ग्लायडरमध्ये ३ तास, त्यात एकट्याची १० उड्डाणं, मग प्रात्यक्षिक परीक्षा. स्वतःच्या इंजिनावर वर जाण्यासाठी सेल्फ-लाँचचं वेगळं एंडोर्समेंट प्रशिक्षकाकडून घ्यावं लागतं. ग्लायडरला मेडिकल सर्टिफिकेट लागत नाही. आपण उडायला तंदुरुस्त आहोत, याची जबाबदारी मात्र वैमानिकावरच असते.

शिकताना स्पॉयलरवर, म्हणजे लिफ्ट घालवणाऱ्या पंखावरच्या झडपांवर, सगळ्यात जास्त वेळ द्या. मोटरग्लायडर खाली यायलाच तयार नसतं. जमिनीजवळ आलं की आणखी तरंगतं आणि धावपट्टी संपत येते. पंखावरचे स्पॉयलर उघडून उंची कशी घालवायची, हे हातात बसलं पाहिजे. टेकऑफआधी ते बंद आणि लॉक आहेत, हे तोंडाने म्हणून तपासा.

## ११. चाचणीचा काळ

परवानगीपत्रासोबत ऑपरेटिंग लिमिटेशन्स मिळतात. किती तास, कोणत्या भागात, हे सगळं त्यात असतं. या काळात हौसेखातर कोणाला सोबत नेता येत नाही, आईवडील भारतातून आलेले असले तरी नाही. त्यांना आधीच समजावून सांगा.

लांब धावपट्टी आणि भोवती मोकळी शेतं असलेला विमानतळ निवडा. वेगात टॅक्सीच्या चाचण्या थोड्याच घ्या. लांब पंख लवकर उचलतो आणि मनाची तयारी नसताना विमान हवेत जातं. पहिल्या उड्डाणात विमानतळाच्या डोक्यावरच राहा, इंजिन चालू ठेवा, सुरक्षित उंचीवर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख लिफ्ट सोडतो तो वेग, बघा, स्पॉयलर उघडून विमान कसं वागतं ते पाहा आणि उतरा. इंजिन बंद करण्याचे प्रयोग नंतरच्या उड्डाणांसाठी ठेवा. एफएएचं ९०-८९ हे परिपत्रक फुकट मिळतं, त्यातली उड्डाणागणिक योजना छापून मांडीवर ठेवा.

ठरलेले तास झाले की विमान सर्व वेगांत ताब्यात राहतं, अशी नोंद लॉगबुकात करायची असते. ती नोंद केल्याशिवाय कोणालाही शेजारी बसवू नका. त्याच सुमारास ८६१०-३ हा अर्ज भरून रिपेअरमन सर्टिफिकेट मागा. ते मुख्य बांधणाऱ्याला, त्याच एका विमानापुरतं मिळतं, आणि मग दरवर्षीची कंडिशन इन्स्पेक्शन तुमच्याच सहीने होते. या अर्जासाठी कामाची वही परत लागते, म्हणून ती माळ्यावर टाकू नका.